मालक म्हणतात, ‘दोघांतच भागवा’

ताई,

मी सांगलीचा. वय 38. कुपवाड एमआयडीसीत एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो आणि शनिवार-रविवार रात्री सांगली-मिरज रोडला एका गार्डन हॉटेलात, म्हणजे परमिट रूमच ती, की-बोर्ड वाजवतो. आम्ही चौघं. मी, ऑक्टोपॅडवाला मित्र, गिटारवर कॉलेजचा एक पोरगा आणि मिरजेच्या एक गायिका. साऊंड माझा, मालकांशी बोलणीही मीच करतो. 2021 च्या दिवाळीपासून नाईटचे 6,000 ठरलेत. टेम्पोचे 800 जातात, उरलेले सारखे वाटून घेतो. वाढवून मागायचा संकोच वाटतो, कारण मी पैशासाठी वाजवत नाही, आवड म्हणून वाजवतो. आपल्या मिरजेच्या दर्ग्यात मोठमोठे कलाकार नुसती हजेरी म्हणून गाऊन जातात, मग आपण कशाला घासाघीस करायची?

आता मालक म्हणतात, ट्रॅक, म्हणजे आधीच रेकॉर्ड केलेलं म्युझिक, लावा, तुम्ही आणि मॅडम दोघांतच भागवा, 4,000 देतो. गिटारवाला तसाही पुण्याला चाललाय. पण ऑक्टोपॅडवाल्याचं घर यावर चालतं. त्याच्या वडिलांचा ब्रास बँड होता, तो डीजेनं बसवला. आमची मैत्री जुनी. त्याला मी अजून यातलं काहीच बोललेलो नाही. बायको म्हणते, दोन्ही रात्री घालवून हातात येतं काय, सोडा आता. सासरे पाहुण्यांत ‘जावई बारमध्ये वाजवतात’ म्हणायला लाजतात. आणि रविवारी रात्री घरी आलो की कानात बारीक शिट्टी वाजत राहते, ती सोमवारी दुपारपर्यंत जात नाही. काय करू?

– एक की-बोर्डवाला, सांगली

नमस्कार.

तुमच्या पत्रात एक हिशेब राहून गेलाय, तो आधी मांडते. आज 6,000 मधून टेम्पो वजा जाता 5,200 उरतात, म्हणजे माणशी 1,300. मालकांच्या नव्या बोलीत 4,000 आणि माणसं दोन. सामान निम्मं झालं की टेम्पोही लागणार नाही. म्हणजे तुमच्या हातात 2,000. मालकांचे 2,000 वाचतात, तुमचे 700 वाढतात आणि हे सगळं ज्याच्या खिशातून जातं त्याला अजून पत्ताच नाही. तुम्ही लबाड आहात असं मला म्हणायचं नाही. लबाड माणूस पत्र न लिहिता मोकळा झाला असता. पण मित्राशी बोलायला जीभ का उचलत नाही, याचं निम्मं उत्तर या 700 रुपयांत आहे. हा आकडा तुमच्या मनात कुठंतरी झालेला आहे.

आता ‘मी पैशासाठी वाजवत नाही’ या वाक्याकडे येते, कारण सगळी गाठ तिथं बसलीय. बोलायला छान वाक्य आहे. एकट्यानं वाजवत असाल तर खरंही आहे. पण तुम्ही चौघांच्या वतीनं बोलणी करता. महिन्याच्या ठरल्या तारखेला तुमच्या खात्यात पगार पडतो. ऑक्टोपॅडवाल्याच्या हातात महिन्याच्या आठ नाईट धरल्या तर 10,400 पडतात, आणि आठ पूर्ण भरतीलच असं नाही. शनिवार-रविवारात ड्राय डे आला की एक गेली. श्रावणात, पितृपक्षात गिऱ्हाईक कमी, की मालकांचा फोन येतो, ‘या आठवड्यात राहू द्या.’ तुम्हाला त्या फोननं एक रात्र घरी मिळते. त्याला किराण्याची उधारी वाढवावी लागते.

म्हणजे इतकी वर्षं नाईट वाढली नाही ती तुमच्या संकोचामुळे, पण त्या संकोचाची झळ लागली त्याला. औदार्य तुमचं, पैसे दुसऱ्याचे. आणि मालक काय शिकले? ही माणसं हौशी आहेत, कमी केलं तरी येतील. आज ते जे बोललेत ते तुम्हीच त्यांना शिकवलेलं आहे. सांगली-मिरजेत पगारदार हौशी वाजवणारे पुष्कळ आहेत, चांगले आहेत, आणि त्यातला जो तो ‘आपल्याला काय, मजा म्हणून’ असं म्हणत पडेल त्या पैशात उभा राहतो. मग ज्याला याच्यावरच घर चालवायचंय त्यानं दर कुठून आणायचा? बँडवाल्यांना डीजेनं बसवलं हे दिसतं तरी. हे दिसतसुद्धा नाही.

दर्ग्याचं उदाहरण मात्र मला पटलं नाही. अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले, 1937 साली गेले, त्यांच्या आठवणीत उरुसाला दर्ग्यात गाणं-वाजवणं होतं, तिथं कलाकार हजेरी लावतो. समोर श्रद्धेनं बसलेली माणसं असतात, कुणी बिल फाडत नाही. तुमच्या समोरच्या प्रत्येक टेबलावर बिल फाटतं आणि तुमचं गाणं त्या बिलात धरलेलं असतं. ‘लाईव्ह म्युझिक, शनिवार-रविवार’ असा फ्लेक्स मालकांनी गेटवर हौसेनं लावलेला नाही. मिरजेचंच उदाहरण घ्यायचं तर दर्ग्याजवळच्या सतारमेकर गल्लीचं घ्या. भोपळा तासून तंबोरा करणारा कारागीर कलेवर प्रेम करतो म्हणून तो फुकट देत नाही. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेही मिरजेच्या नावावर दुसऱ्याच कुणी भलताच माल विकू नये, या माणसांच्या कामाची किंमत राहावी म्हणून.

ट्रॅकबद्दल माझी तक्रार नाही, हे सांगून टाकते. यंत्र आलं की कला बुडाली असा गळा काढणाऱ्यांतली मी नाही. तुमचा की-बोर्ड आला तेव्हा ऑर्केस्ट्रातला अकॉर्डियनवाला घरी बसला, व्हायोलिनवाले बसले. ऑक्टोपॅडच्या आठ पॅडांनी ढोलकी, काँगो, तबला वाजवणाऱ्या कितीजणांची जागा घेतली ते तुमच्या मित्रालाच विचारा, तो वाजंत्री घरातला आहे, त्याला माहीत असणार. ट्रॅक येणारच.

पण ट्रॅक काय करतो ते नीट पाहा. त्यात हार्मनी असते, बेस असतो, स्ट्रिंग्ज असतात, मधले म्युझिक पीस असतात. म्हणजे ट्रॅक सगळ्यात आधी की-बोर्डचं काम करतो. ऱ्हिदमही त्यात असतो, पण तो मेलेला असतो. गायिका दुसऱ्या अंतऱ्याला अडकल्या, शब्द आठवेना, तर ट्रॅक थांबत नाही, त्यांना उघडं पाडून पुढं जातो. तुमचा मित्र काय करतो? चार मात्रा जास्त फिरवतो, एक फिल टाकतो, त्यांच्याकडे बघून मान हलवतो, आणि ऐकणाऱ्याला वाटतं हे असंच बसवलेलं होतं. किंवा वाढदिवसाचा केक. वेटर किचनच्या दारातून फुलबाजी लावलेला केक घेऊन निघालेला आधी दिसतो तो ऱ्हिदमवाल्याला, कारण तो स्टेजच्या कडेला उभा असतो. केक टेबलापर्यंत पोहोचायच्या आत तो चालू गाण्याचा ठेका सफाईनं गुंडाळून बर्थडेच्या ठेक्यावर आलेला असतो, सगळं गार्डन टाळ्या धरतं, आणि त्या टेबलावर आणखी एक राऊंड जातो. हे ट्रॅकला जमत नाही. लॅपटॉपवर बोट ठेवून गाणं कापलं की कापलेलं ऐकू येतं.

तेव्हा मला सांगा, मालकांना दोघंच हवेत, तर ते दोघं म्हणजे गायिका आणि ऑक्टोपॅड का नसावेत?

हे वाचून तुमच्या पोटात गोळा आला असेल. येऊ दे. मालकांनी तुमचं नाव घेतलं ते तुम्ही समोर उभे राहून बोलता म्हणून, तुमच्यावाचून गाणं अडतं म्हणून नव्हे. आणि जो आवडीसाठी वाजवतो त्यानं दोनातली एक रात्र सोडली तर त्याची चूल विझत नाही.

दोन्ही रात्री सोडा असं मी म्हणणार नाही. तुमच्या बायकोचं म्हणणं मला निम्मं पटलंय, निम्मंच पाळा. माझा तोडगा असा. शनिवारी तिघं, तुमच्यासकट, पूर्ण लाईव्ह. गिटारवाल्याच्या जागी नवा माणूस घ्यायचा नाही. त्या रात्रीचे मालकांकडे 7,000 मागा. रविवारी गायिका आणि ऑक्टोपॅड, ट्रॅकवर, 4,000 मध्ये. हा आकडा मालकांच्याच तोंडचा आहे, त्यांना नाही म्हणता येणार नाही. साऊंड शनिवारी रात्री हॉटेलातच कुलपात ठेवायचा आणि रविवारी परत आणायचा, म्हणजे टेम्पोचे 800 आठवड्याला एकदाच. आणि इथून पुढं साऊंडचं भाडं वेगळं काढा, नाईटला 700 धरा. ते आजवर तुम्ही घेतलं नाहीत, हाही त्याच संकोचाचा भाग. मिक्सर बिघडला, स्पीकरचा कोन फाटला, तर दुरुस्ती तुमच्या पगारातून होते आणि ती घरातल्या माणसांना दिसते. बायको ‘हातात येतं काय’ विचारते ते उगीच नाही.

बघा कसं बसतं. शनिवारी 7,000 मधून टेम्पो आणि साऊंड वजा जाता 5,500, तिघांत प्रत्येकी 1,830 च्या आसपास. रविवारी 4,000 मधून साऊंड वजा जाता 3,300, दोघांत 1,650. मित्राचे आठवड्याला आज 2,600 होतात, ते 3,480 होतील. तुम्हाला शनिवारचे 1,830 आणि साऊंडचे 1,400. म्हणजे रविवारी घरी जेवूनसुद्धा आजच्यापेक्षा जास्त. मालकांना दोन रात्रींचे आज 12,000 पडतात, ते 11,000 पडतील. त्यांना 8,000 हवे होते, त्यामुळे ते खूश होणार नाहीत, पण नुकसानीतही नाहीत. ते घासाघीस करतील. शनिवारचे 6,000 पर्यंत खाली या, त्याखाली नको. तेवढ्यातही मित्राला 3,150 मिळतात. मनात एकच रेघ मारून ठेवा: त्याचे आजचे 2,600 कमी होता कामा नयेत.

मालक म्हणतील, दोनच तास तर वाजवता. हे सगळेच म्हणतात. त्यांना शांतपणे सांगा की साडेपाचला टेम्पो लागतो, सातला साऊंड चेक होतो, आठ ते दहा वाजवतो, सामान आवरून घरी पोचायला साडेअकरा. सहा तासांचे पैसे आहेत हे. आणि दोनच तास का, तर उघड्या गार्डनमध्ये दहानंतर स्पीकर लावता येत नाही. ध्वनिप्रदूषणाचे 2000 सालचे नियम आहेत, रात्री दहा ते सकाळी सहा. बंद हॉलमध्ये, आवाज आतल्या आत राहत असेल तर गोष्ट वेगळी, लॉनवर नाही. त्यावरून एक पोटसूचना: ‘शेवटचं एक गाणं होऊ द्या, पोलीस आपलेच आहेत’ असं कुणी म्हटलं तरी दहाच्या ठोक्याला फेडर, म्हणजे मिक्सरवरची आवाजाची पट्टी, खाली. साऊंड तुमचा आहे, उचलून नेला तर तुमचा जाईल, ‘आपलेच’ म्हणणाऱ्याचा नाही. कार्यक्रमाची परवानगी, गाण्यांचा परवाना हे सगळं हॉटेलनं बघायचं. एकदा कागद बघून घ्या.

ठरेल ते व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा आणि मालकांचा ‘ओके’ येऊ द्या. सुपारी घेताना इसार घेतात तसा निम्मा हिस्सा आधी, उरलेला त्याच रात्री, वायरी गुंडाळायला सुरुवात करायच्या आत. वायरी गुंडाळल्यावर ‘पुढच्या शनिवारी एकदमच घ्या’ असं ऐकू येतं, तुम्हाला माहीत आहेच. रविवारी तुम्ही नसणार, तेव्हा हे मित्रानं करायचं आहे, त्याला ते जमलं पाहिजे. गायिकेला घरी कोण सोडणार तेही आत्ताच ठरवा. मिरजेपर्यंत ठरलेली रिक्षा, तिचं भाडं हॉटेलचं. आणि फर्माईशीच्या नोटा. कुणी टेबलावरून उठून त्यांच्या हातात पाचशेची नोट देऊ बघतो, त्याला वेटरनं अडवून डब्यात टाकायला लावायचं. डबा सगळ्यांचा.

पण मालकांकडे जायच्या आधी मित्राकडे जा. हा क्रम उलटा करू नका. आधी मालकांशी ठरवून मग त्याला ‘तुझ्यासाठी मी भांडलो’ असं सांगायला गेलात तर तो आयुष्यभर तुमचा ओशाळा राहील किंवा तुमच्यावर चिडेल, आणि दोन्हीत मैत्री जाईल. शनिवारी हॉटेलच्या मागच्या अंगणात, साऊंड लावता लावता हे बोलायचं नाही. मधल्या वारी, कामावरून सुटल्यावर, त्याच्या घराजवळ चहाला बसा. मालक काय म्हणाले ते जसंच्या तसं सांगा, 4,000 चा आकडा, ‘दोघांत’ हा शब्द, सगळं. तुमच्या कानावर हे कधी आलं तेही सांगा. तो विचारेल, ‘मग तू काय म्हणालास?’ तुम्ही काहीच म्हणाला नाहीत, तर तसंच सांगा. त्यानंतर माझा तोडगा मांडा आणि त्याला फेरफार करू द्या. कदाचित तो म्हणेल, रविवारी मला ट्रॅकवर नाही वाजवायचं, त्यापेक्षा मी हळदी-संगीताच्या सुपाऱ्या घेतो, लग्नसराईत रोजची एक आहे. मग ते त्याचं. तुम्ही त्याच्या वतीनं उदार होऊ नका, तसे दुःखीही होऊ नका.

आणि मालक सगळ्यालाच नाही म्हणाले तर? मग तिघांनी मिळून उठायचं. तुमच्याकडे साऊंड आहे, गळा आहे, ठेका आहे. सांगली-कोल्हापूर रोडला, विश्रामबागेत, ईश्वरपूरच्या, म्हणजे जुन्या इस्लामपूरच्या, बाजूला हॉटेलं कमी नाहीत. महिनाभर शनिवार रिकामे जातील, ते झेपेल का हे त्या चहाच्या वेळीच मित्राला विचारून ठेवा. त्याला झेपत नसेल तर त्या महिन्याचा साऊंड त्याला हळदीच्या कार्यक्रमांना बिनभाड्यानं द्या. फुकट द्यायचीच हौस असेल तर ती अशी वापरावी.

कानाचं मी लांबवणार नाही, पण हलक्यात घेऊ नका. गाणं बंद झाल्यावरही शिट्टी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत टिकते, याचा अर्थ कानाला मार बसतोय. 85 डेसिबलला आठ तास ही साधारण मर्यादा धरतात, आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मी होते. 100 डेसिबलला पंधरा मिनिटं. तुमचा मॉनिटर, म्हणजे वादकाकडे तोंड केलेला स्पीकर, कानापासून हातभर अंतरावर आणि त्यात झांजांचा सँपल वाजत असेल तर पंधरा मिनिटं दुसऱ्या गाण्यालाच संपली. कानातल्या केसांसारख्या बारीक पेशी एकदा गेल्या की परत उगवत नाहीत. कापसाचे बोळे घालू नका, त्यानं फारसं अडत नाही आणि गाणं मात्र बुळबुळीत ऐकू येतं. वादकांसाठी फिल्टरवाले इअरप्लग मिळतात, ते घ्या. मॉनिटर खाली जमिनीवर, तिरका. ऐकण्याची तपासणी, ऑडिओमेट्री, याच महिन्यात करून घ्या, आणि मित्रालाही सोबत न्या. मिरजेसारखं डॉक्टरांचं गाव शेजारी असताना कान दाखवायला वेळ मिळत नाही, हे कुणाला सांगू नका.

राहिले सासरे. त्यांचा राग तुमच्या वाजवण्यावर नसावा, ‘बार’ या शब्दावर आहे. 2005 साली राज्यात डान्स बारबंदी आली, तेव्हाचे गृहमंत्री आर. आर. आबा आपल्याच तासगाव तालुक्यातले. महिनोन्‌महिने पेपरात, पारावर तोच विषय होता. पुढं कोर्टात काय काय झालं ते कुणाच्या लक्षात नाही, पण बारमध्ये वाजवणारा म्हणजे काय याचं एक चित्र त्या पिढीच्या डोक्यात बसलं ते बसलं. ते बोलून निघणार नाही, दाखवूनच निघेल. एका शनिवारी त्यांना आणि सासूबाईंना फॅमिली सेक्शनला जेवायला न्या. बायकोही येईल, किती वर्षांत तिनं तुम्हाला स्टेजवर बघितलेलं नसेल. टेबल स्पीकरपासून लांबचं घ्या. जुनं एखादं नाट्यगीत गायिकेला आधी सांगून ठेवा. सांगलीचा माणूस आहे, नाट्यगीताला मान डोलावल्याशिवाय राहणार नाही. बिल तुम्ही भरा, रोख, सगळ्यांसमोर. मालक ‘राहू द्या हो, आपलंच हॉटेल आहे’ म्हणतील. ऐकू नका. पुढच्याच आठवड्यात तुम्हाला त्यांच्याकडे 7,000 मागायचे आहेत.